लिनक्सवर नेटवर्क प्रिंटर जोडताना: ड्रायव्हरविना, ड्रायव्हर घालून, की जुन्या संगणकाच्या आधाराने?

परीक्षांचे अर्ज सुटले की आमच्या अभ्यासिकेत प्रिंटरपुढे रांग लागते. प्रवेशपत्रं, जुन्या प्रश्नपत्रिका, दाखल्यांच्या प्रती, सगळं एकाच दिवशी हवं असतं. संगणक चार आहेत आणि चारही लिनक्सवर चालतात: दोन मिंट, एक उबुंटू, एक डेबियन. शिवाय प्रत्येकाच्या हातात मोबाईल. इथला प्रिंटर नेटवर्कवर आणायच्या जेवढ्या रीती आहेत तेवढ्या जवळजवळ सगळ्या मी करून पाहिल्या. त्यामुळे कुणी विचारलं की "आमच्याकडे लिनक्स आहे, प्रिंटर कसा जोडू?" तर मी आधी उलटा प्रश्न विचारतो: प्रिंटर कोणता आहे, आणि लाईट गेल्यावर तो परत सुरू कोण करतं? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा का, ते पुढे येईलच.

निवड करताना बहुतेक जण "लिनक्ससाठी ड्रायव्हर (त्या प्रिंटरसाठी संगणकावर बसवायचं खास सॉफ्टवेअर) मिळतो का" इथून सुरुवात करतात. मी म्हणेन, त्याआधी दुभाष्या कोण होणार ते ठरवा. आपण लिब्रेऑफिस किंवा फायरफॉक्समधून पान छापायला पाठवतो तेव्हा ते साधारणपणे पीडीएफ होऊन कप्स नावाच्या छपाई व्यवस्थेकडे जातं. प्रिंटरला मात्र स्वतःची भाषा कळते. कुणाला पोस्टस्क्रिप्ट, कुणाला पीसीएल, कुणाला नुसते ठिपके, तर कुणाला कंपनीने गुप्त ठेवलेली खास बोली. मधलं भाषांतर कुठे, कुणी आणि कशाच्या जोरावर करायचं, त्यावरून रीती वेगळ्या होतात. कप्स मात्र सगळीकडे तोच. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये त्यावर काम सुरू केलं आणि १९९९ मध्ये तो लोकांपुढे आला. पुढे ॲपलनेही मॅकसाठी तोच घेतला. आज त्याची देखभाल ओपनप्रिंटिंग हा गट करतो. म्हणजे वितरण, अर्थात मिंट-उबुंटूसारखा लिनक्सचा प्रकार, कुठलंही असो, अगदी डेबियनवर उभी असलेली आपली बॉस लिनक्स असली तरी, खाली सांगितलेलं बहुतेक सगळं लागू पडतं.

ड्रायव्हरविना की ड्रायव्हर घालून

खरी निवड या दोघांतच आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

ड्रायव्हरविना छपाईत प्रिंटर स्वतःच नेटवर्कवर आवाज देतो: मी इथे आहे, माझ्याकडे ए-फोर कागद आहे, मला दोन्ही बाजूंनी छापता येतं, रंग आहेत किंवा नाहीत. संगणक हे ऐकतो आणि सर्वांना ठाऊक असलेल्या ठरावीक रूपात पान पाठवतो. बोलण्याची रीत म्हणजे आयपीपी, दार (पोर्ट) क्रमांक ६३१. २०१० मध्ये ॲपलने आयफोनसाठी एअरप्रिंट आणलं, २०१३ मध्ये प्रिंटर वर्किंग ग्रुपने आयपीपी एव्हरीव्हेअर हे खुलं मानक दिलं, आणि त्याच वर्षी मोप्रिया ही कंपन्यांची आघाडी उभी राहिली. खटाटोप मोबाईलवरून छापता यावं म्हणून झाला, पण त्याचं सर्वांत मोठं फळ लिनक्सच्या पदरात पडलं. जो प्रिंटर आयफोनला विनासायास कळतो, तो बहुतेक वेळा लिनक्सलाही कळतो.

आमच्या नव्या वायफाय प्रिंटरच्या वेळी मी काहीच 'बसवलं' नाही. प्रिंटरच्या छोट्या पडद्यावरून वायफायचा पासवर्ड घातला, मिंटवर छपाईची खिडकी उघडली, तर नाव आधीच यादीत होतं. असा प्रिंटर दिसला की कप्स गरजेपुरती तात्पुरती रांग, म्हणजे त्या प्रिंटरची कामं ओळीने ठेवायची संगणकातली जागा, आपणच तयार करतो. ग्रंथपाल बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांना वाटलं, मी आदल्या दिवशी येऊन सगळं करून गेलो असणार.

आता ड्रायव्हर. एचपीसाठी एचपीएलआयपी हा संच जवळपास प्रत्येक वितरणात मिळतो. एप्सनच्या इंकजेटसाठीचा ईएससीपीआर ड्रायव्हर मुक्त आहे (म्हणजे त्याचा मूळ कोड कुणालाही बघता, बदलता येतो) आणि डेबियनच्या भांडारात आहे. ब्रदरच्या अनेक लेझर प्रिंटरसाठी बीआरलेझर हा लोकांनी लिहिलेला ड्रायव्हर आहे. ड्रायव्हर घेतल्यावर हाताशी जास्त गोष्टी येतात: शाईची नेमकी पातळी, नोझल साफ करण्याची सोय, पिन टाकल्यावरच पान बाहेर येण्यासारख्या कार्यालयीन सुविधा, स्टेपलिंग. मोठ्या कार्यालयातल्या बहुउद्देशीय यंत्रावर अशी कामं रोज होत असतील तर ड्रायव्हरविना रीत अपुरी पडू शकते. घरी, शाळेत, अभ्यासिकेत दोन्ही बाजूंनी छपाई, कागदाचा आकार, रंग की काळंपांढरं, एवढंच लागतं. ते ड्रायव्हरविना सहज भागतं.

ड्रायव्हरची किंमत उशिरा कळते. काही एचपी मॉडेलांना एचपीएलआयपीसोबत एक बंद प्लगइन, म्हणजे मूळ कोड न दिलेला जोडभाग, लागतो, आणि त्याची आवृत्ती संचाच्या आवृत्तीशी जुळावी लागते. सिस्टीम अद्ययावत केली, संच पुढे गेला, प्लगइन मागे राहिला की छपाई थांबते. परत प्लगइन उतरवून घ्यायचा. दुसरी अडचण प्रोसेसरची. काही कंपन्या लिनक्ससाठी ड्रायव्हर देतात, पण तो फक्त इंटेल-एएमडी घराण्याच्या प्रोसेसरसाठी बांधलेला असतो. तो रास्पबेरी पाय या वेगळ्या प्रोसेसरच्या छोट्याशा संगणकावर चालत नाही, आणि स्रोत (मूळ कोड) बंद असल्यामुळे आपल्याला नव्याने बांधताही येत नाही. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ ज्या असंतोषातून उभी राहिली त्यात अशाच एका प्रिंटरचा वाटा आहे. एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या झेरॉक्सच्या लेझर प्रिंटरचा स्रोत मिळेना म्हणून या चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांना त्यात सुधारणा करता आली नव्हती. इतक्या वर्षांनी एखादा चांगला चालता प्रिंटर निव्वळ ड्रायव्हर बंद आहे म्हणून कोपऱ्यात धूळ खाताना पाहिला की मलाही मनापासून वाईट वाटतं.

पुढचा काळ कुणाच्या बाजूचा, हेही बघावं. कप्सच्या तिसऱ्या पिढीत जुन्या धाटणीचे ड्रायव्हर आणि प्रिंटरच्या सोयींची यादी देणाऱ्या त्यांच्या पीपीडी फाईली काढून टाकण्याचं धोरण आहे. त्यांची जागा 'प्रिंटर ॲप्लिकेशन' घेतील: ड्रायव्हर आत, पण बाहेरून पाहिलं तर आयपीपी बोलणारा आधुनिक प्रिंटर. मायक्रोसॉफ्टनेही सप्टेंबर २०२३ मध्ये विंडोजसाठी कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने बंद करण्याचं जाहीर केलं. नवा प्रिंटर घ्यायचा असेल तर ड्रायव्हरच्या भरवशावर घेऊ नका, असंच मी सांगेन. जुना असेल आणि ड्रायव्हरवर सुरळीत चालत असेल, तर त्याला उगाच हात लावू नका.

पत्ता कसा द्यायचा: नावाने, आकड्याने, की थेट दारातून

प्रिंटर दिसला, छापला, तरी महिन्याभराने बंद पडतो. बहुतेक वेळा कारण ड्रायव्हर नसतं, पत्ता असतो.

आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून तीन-चार वेळा लाईट जाते. राउटर बंद-चालू झाला की तो प्रत्येक यंत्राला नव्याने आकडी पत्ता वाटू शकतो. काल प्रिंटर शेवटी २३ असलेल्या पत्त्यावर होता, आज २७ वर. संगणक मात्र २३ च्या दारावर टकटक करत बसतो. पहिल्या पावसाळ्यात माझे दोन शनिवार यात गेले. मला वाटलं प्रिंटरच खराब झाला.

यावर दोन उपाय आहेत. एक, रांग नावाने जोडायची, म्हणजे प्रिंटर स्वतःला ज्या '.लोकल' नावाने पुकारतो ते वापरायचं. लिनक्सवर हे काम अवाही नावाची सेवा करते. आकडा बदलला तरी नाव तेच राहतं. दोन, राउटरच्या पानावर जाऊन त्या प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवायचा. दोन्ही करा, असं मी सांगतो. नावाची रीत एकाच नेटवर्कपुरती चालते. राउटरवर 'पाहुण्यांसाठी' वेगळं वायफाय असेल किंवा वायफायवरची यंत्रं एकमेकांपासून तोडलेली असतील तर पुकारा पोहोचतच नाही. अनेक स्वस्त प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात, तेव्हा त्याच राउटरवर ते चालू आहे ना, हेही बघा. काही वितरणांत फायरवॉल मुळातच अशा पुकाऱ्याला आत येऊ देत नाही. तिथे हा पुकारा नेणाऱ्या एमडीएनएस सेवेला परवानगी द्यावी लागते.

तिसरी रीत म्हणजे दार क्रमांक ९१००, जिला जेटडायरेक्ट किंवा ॲपसॉकेट म्हणतात. इथे बोलणं नाही, विचारपूस नाही, संगणक बाईट ओततो आणि प्रिंटर छापतो. केबलने नेटवर्कवर जोडलेला, पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल कळणारा जुना दणकट ऑफिस लेझर असेल तर ही रीत वर्षानुवर्षं चालते. पण कागद संपला का, टोनर किती उरला, हे तिच्यातून नीट कळत नाही, आणि कूटबद्धता तर नाहीच. शिवाय भाषा निवडताना चूक झाली तर प्रिंटर मजकुराऐवजी सूचनाच छापत सुटतो. पहिल्या ओळीत टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पुढे 'पीएस-ॲडोबी' दिसलं की समजा, पोस्टस्क्रिप्ट न कळणाऱ्या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट पाठवलं आहे. तेव्हा आधी कागदाचा ट्रे ओढून बाहेर काढा, मग रांगेतलं काम रद्द करा. उलट क्रमाने गेलात तर अर्धं रीम जातं. प्रिंटरला आयपीपी येत असेल तर ९१०० ची वाट धरण्याचं कारण मला दिसत नाही.

लाईट गेल्यावर रांगेचं काय होतं, हे बहुतेक लेखांत नसतं, म्हणून इथं सांगतो. छपाई चालू असताना प्रिंटर बंद पडला की कप्स काही ठिकाणी ती रांगच 'थांबलेली' म्हणून नोंदवतो. लाईट येते, प्रिंटर हिरवा दिवा दाखवतो, आणि तरी पान येत नाही. मग दुसरा तिसरा मुलगा पुन्हा पुन्हा 'प्रिंट' दाबतो, कामं साचतात. ब्राउझरमध्ये पत्त्याच्या जागी localhost:631 लिहून कप्सचं पान उघडा, प्रिंटरच्या नावावर जा, 'रिझ्यूम' निवडा. मग त्याच प्रिंटरच्या मूळ सेटिंगमध्ये चूक झाल्यावरचं धोरण 'थांबव' असेल तर ते 'पुन्हा प्रयत्न कर' असं करा. डेबियन-उबुंटूवर हे बदल करायला आपलं खातं 'एलपीॲडमिन' गटात लागतं. पासवर्ड बरोबर असूनही नकार येत असेल तर आधी तेच तपासा. हा एक बदल केल्यावर आमच्याकडचे पावसाळ्यातले फोन थांबले.

घरात जुना यूएसबी प्रिंटर आहे, वायफाय नाही

हा आपल्याकडचा सर्वांत नेहमीचा प्रसंग. झेरॉक्सच्या दुकानात, वकिलांच्या टेबलावर, शाळेच्या कार्यालयात कॅनन एलबीपी २९०० किंवा एचपी लेझरजेट १०२० अजूनही दिसतात. दोन्ही स्वतःचं डोकं फारसं न वापरणारे: पानाचे ठिपके संगणकानेच तयार करून द्यायचे. १०२० ला तर प्रत्येक वेळी चालू झाल्यावर फर्मवेअर (प्रिंटरला आतून चालवणारं सॉफ्टवेअर) संगणकाकडून भरावं लागतं, कारण वीज गेली की आतलं पुसलं जातं. त्यासाठी फू-टू-झेडजेएस हा मुक्त ड्रायव्हर आहे, तो हे काम आपोआप करतो. एलबीपी २९०० ची बोली कॅप्ट. तिच्यासाठी कंपनीचा बंद ड्रायव्हर आहे, आणि लोकांनी उलगडून लिहिलेला मुक्त कॅप्टड्रायव्हरही आहे.

असा प्रिंटर नेटवर्कवर आणायचा तर मधे एक संगणक ठेवावा लागतो. प्रिंटर त्याला यूएसबीने जोडायचा, कप्समध्ये एकदा ड्रायव्हर घालायचा आणि 'शेअर' चालू करायचं. ड्रायव्हरची कटकट त्या एका पेटीत कोंडली जाते. बाकी सगळे संगणक त्या रांगेला ड्रायव्हरविना प्रिंटर समजून वापरतात. आयफोनला ती एअरप्रिंट म्हणून दिसते, आणि अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये मुळातच असलेली छपाई सेवाही सहसा तिला ओळखते.

मधली पेटी कोणती? रास्पबेरी पाय लहान, वीज अगदी थोडी खातो, आवाज नाही, प्रिंटरमागे दोन बाजूंच्या टेपने चिकटवता येतो. जुना लॅपटॉप जागा खातो, पण त्याला बॅटरी असते. लाईट गेली तरी कप्स चालू राहतो आणि रांगेतली कामं टिकतात. शिवाय इंटेल घराण्याचा असल्यामुळे कंपन्यांचे बंद ड्रायव्हरही त्यावर बसतात. म्हणून माझं मत असं: मुक्त ड्रायव्हर असेल तर पाय घ्या, बंद ड्रायव्हरशिवाय गत्यंतर नसेल तर जुना लॅपटॉप. आमच्याकडे दुसरी रीत आहे. बारा वर्षांचा लॅपटॉप, पडदा फुटलेला, झाकण बंद करून कपाटावर ठेवलेला. झाकण बंद केल्यावर तो झोपू नये म्हणून सेटिंग बदलायला मात्र विसरू नका.

एक सावधगिरी. दार ६३१ राउटरवरून बाहेरच्या जगाला कधीही उघडू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणाऱ्या कप्स-ब्राउज्ड या सेवेत गंभीर त्रुटी उघड झाल्या. ती सेवा याच दारावर कुणाचंही म्हणणं ऐकून घेत होती. सिस्टीम अद्ययावत असेल तर दुरुस्ती आलेलीच आहे. घरात एकच साधा प्रिंटर असेल आणि ती सेवा बंद केल्याने काही अडत नसेल तर बंदच ठेवा.

विंडोजच्या संगणकाला जोडलेला प्रिंटर सांबा या विंडोजशी बोलणाऱ्या सॉफ्टवेअरने वापरता येतो, पण तो संगणक सतत चालू लागतो, नाव-पासवर्ड रांगेत साठवावे लागतात, आणि लिनक्सकडे ड्रायव्हर लागतोच. कार्यालयात दुसरा इलाज नसेल तेव्हाच.

मराठी छापताना

इथे सगळ्या रीती जवळजवळ समान आहेत, आणि ही चांगली बातमी आहे. जोडाक्षरं, वेलांट्या, रफार जुळवण्याचं काम लिब्रेऑफिस किंवा ब्राउझर करतो. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबतच जातो, प्रिंटरला देवनागरी येण्याची गरज नसते. कागदावर चौकोनी डबे उमटले तर दोष प्रिंटरचा नसतो, बहुधा संगणकावर फॉन्ट नसतो. लोहित किंवा नोटो देवनागरी बसवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला अर्ज असेल तर तोच फॉन्ट लागतो. साधी टेक्स्ट फाईल मात्र कमांडने थेट रांगेत टाकू नका, त्यात मात्रा सुटून पडू शकतात. ती लिब्रेऑफिसमध्ये उघडून छापा.

कागदाच्या आकाराचा घोळ मराठीचा नसला तरी आपल्याकडे हमखास होतो. सिस्टीम अमेरिकी इंग्रजीत बसवली असेल तर मूळ आकार लेटर ठरतो, ट्रेमध्ये ए-फोर असतो, आणि प्रिंटर कागद मागत लुकलुकत राहतो. प्रदेश भारत निवडा, किंवा रांगेच्या मूळ सेटिंगमध्ये ए-फोर करून टाका.

कुणी काय निवडावं

नवा प्रिंटर घेणार असाल तर एअरप्रिंट किंवा मोप्रिया लिहिलेलाच घ्या आणि ड्रायव्हरविना जोडा. शाईच्या टाकीवाल्या प्रिंटरांत एकाच रूपाची दोन मॉडेलं शेजारी ठेवलेली असतात, एक फक्त यूएसबीचं, दुसरं वायफायचं. खोका नीट वाचा. स्कॅनरही हवा असेल तर याच प्रिंटरांवर सेन-एअरस्कॅन या स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमुळे तो सहसा ड्रायव्हरविना चालतो. घरात वायफायवाला जुना एचपी किंवा एप्सन असेल तर आधी ड्रायव्हरविना करून बघा, पान फिकट किंवा तिरकं आलं, नाहीतर एखादी सोय गायब दिसली, तरच ड्रायव्हरकडे जा. जुना यूएसबी लेझर सुस्थितीत असेल तर तो टाकू नका, मधली पेटी बसवा. स्टेपल, पिन, खात्यावार मोजणी लागणाऱ्या कार्यालयाने मात्र कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर कुठल्या वितरणाच्या कुठल्या आवृत्तीसाठी आहे हे लेखी मागूनच खरेदी करावी.

जोडून झाल्यावर सिस्टीमचं तयार चाचणी पान छापू नका, त्यात रंगाची चक्रं असतात, आपलं काही नसतं. मी एका फाईलमध्ये चार शब्द ठेवले आहेत: कऱ्हाड, वाङ्मय, ज्ञानेश्वर, तऱ्हा. मोठ्या अक्षरात एकदा, आठ पॉइंटमध्ये एकदा, खाली ए-फोरच्या कडेला चिकटून एक चौकट. ही फाईल एका संगणकावरून छापतो, एका मोबाईलवरून छापतो. मग राउटर आणि प्रिंटर दोन्हींचं बटण बंद करून पाच मिनिटं थांबतो आणि चालू केल्यावर तिसऱ्यांदा छापतो. 'कऱ्हाड'मधला अर्धा र आठ पॉइंटमध्येही स्पष्ट वाचता आला आणि चौकटीच्या चारही रेघा कागदावर आल्या, की प्रिंटरच्या बाजूला पत्ता लिहिलेली चिठ्ठी चिकटवून मी घरी निघतो.